चवदार तळे ते दामोदर खोरे : बाबासाहेबांचा पाणीविचार

दरवर्षी 20 मार्चला आम्ही महाडला जातो. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी घेतो, बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करतो आणि मिळेल त्या गाडीने परततो. मार्च सरतो, 14 एप्रिलची मिरवणूक निघते आणि त्याच सुमारास आमच्या वस्तीवरच्या आयाबहिणी रिकामे हंडे रांगेत लावून टँकरची वाट पाहू लागतात. तळ्याचे ते पाणी आणि टँकरचे हे पाणी यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे आमच्या ध्यानात येत नाही. बाबासाहेबांच्या मात्र ते आयुष्यभर ध्यानात होते. म्हणून आज त्यांचे चरित्र आम्ही पाण्याच्या वाटेने सांगणार आहोत.

प्रस्थापित इतिहासकारांनी बाबासाहेबांना महाडच्या तळ्यापाशीच थांबवून ठेवले. अस्पृश्यांना पाणी मिळवून देणारा पुढारी, एवढीच त्यांची पाण्यातली कामगिरी. देशाच्या नद्या, धरणे, वीज यांचा विषय निघाला की नेहरूंचे नाव पुढे येते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब 1942 ते 1946 अशी चार वर्षे मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याच खात्यात होते, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात शोधून सापडत नाही. पण दोष एकट्या इतिहासकारांचा कसा म्हणावा? आम्ही तरी त्यांच्या त्या कामाची पाने कधी उलटली? पुतळ्याची उंची वाढवण्यात आमची हयात गेली, विचारांची उंची मोजायचे राहून गेले.

हल्ली विद्यापीठांतून सिस्टिम्स थिंकिंग नावाचा विषय शिकवतात. साध्या भाषेत त्याचा अर्थ असा की कोणतीही अडचण सुटी पाहू नये. ती ज्या गोष्टींशी जोडलेली आहे त्या सगळ्यांसह पाहावी. नदीला पूर आला म्हणून एका गावाने बांध घातला की पाणी शेजारच्या गावात शिरते. गाळ दोन बांधांच्या मध्ये साचत जातो, नदीचे पात्र उथळ होते आणि पुढच्या वर्षी बांध आणखी उंच करावा लागतो. एका ठिकाणचे औषध दुसऱ्या ठिकाणचा रोग होतो. पाण्याला जंगल, माती, शेत, वीज, कायदा, पैसा हे सगळे चिकटलेले असते. आमच्या देशात त्याला जातही चिकटलेली असते, आणि हे शेवटचे कलम परदेशी पुस्तकांत लिहिलेले नसते.

बाबासाहेबांना ते पुस्तकात वाचावे लागले नाही. 1901 साली वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगावी खजिनदार म्हणून नोकरीला होते. दुष्काळात माणसे मरत होती आणि त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला घेतला होता. वडिलांना भेटायला लहानगा भीमराव भाऊ-भाच्यांसोबत साताऱ्याहून निघाला, मसूर स्टेशनवर उतरला. जात कळताच स्टेशनमास्तर दूर सरकला, गाडीवाले नाही म्हणाले. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर एक बैलगाडी मिळाली. जवळ भाकरी होती, पण पाणी नव्हते आणि वाटेत कुणी देईना. रात्र तहानलेल्या पोटी काढावी लागली. इथे थोडे थांबून विचार करू. बाप दुष्काळग्रस्तांसाठी तलाव खोदण्याच्या कामाचे पैसे मोजतो आहे आणि त्याच कामाकडे निघालेल्या त्याच्या लेकरांना घोटभर पाणी मिळत नाही. सरकारला वाटत होते की तलाव खोदला की पाण्याचा प्रश्न सुटला. त्या पोराला त्या रात्री कळले की तलाव भरला तरी प्रश्न सुटत नाही.

पुढे कोलंबिया आणि लंडनला अर्थशास्त्राचे शिक्षण झाले. 1918 मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. त्या काळी सगळे तज्ज्ञ सांगत होते की शेताचे तुकडे झाले म्हणून शेतकरी गरीब आहे, तुकडे जोडा म्हणजे झाले. बाबासाहेबांनी हे मान्य केले नाही. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्याच्याशी जोडलेल्या भांडवलावर, अवजारांवर आणि कामाच्या हातांवर ठरते, असे त्यांनी मांडले. शेतीवर नको तितक्या माणसांचा भार आहे, म्हणून शेतीच्या दुखण्याचा उपाय शेताबाहेर, उद्योगधंद्यांच्या वाढीत शोधला पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीच ते व्यवस्थेचे सगळे धागे एकत्र धरून विचार करत होते. 1925 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात ब्रिटिश सरकार आणि प्रांत यांच्यातील पैशाच्या नात्याचा इतिहास आहे. खर्च कोणाचा आणि लाभ कोणाचा, हा हिशेब त्यांना तिथेच पक्का समजला. नद्यांच्या कामात तो फार उपयोगी पडणार होता.

मग आले महाड. रावबहादूर बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले होते. तळे होते, पाणी होते, ठराव होता. पण तळ्यावर आमचा माणूस नव्हता. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तळ्यापर्यंत जाऊन पाणी प्यायले. त्या दिवशी सवर्णांनी मारहाण केली, नंतर तळे शुद्ध करून घेतले, मग कोर्टात जाऊन तळे सार्वजनिक नाही असा दावा लावला. तो खटला दहा वर्षे चालला. मार्च 1937 मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची प्रथा अनादी काळापासूनची आहे हे सिद्ध झालेले नाही. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे गेली.

लक्षात घ्यायची गोष्ट पुढेच आहे. महाडनंतर बाबासाहेब केवळ पाणवठ्यांच्या मागे धावत बसले नाहीत. 1928 मध्ये त्यांनी कायदेमंडळात महार वतनात सुधारणा करणारे विधेयक आणले. वतनाचा आणि पाण्याचा काय संबंध, असे वाटेल. संबंध असा की ज्याची भाकर गावाच्या हातात आहे, तो गावाच्या विहिरीवर हक्क सांगू शकत नाही. त्याने हक्क सांगितला की गाव बलुते बंद करते, काम बंद करते, दुकानदार मीठमिरची देत नाही. त्याच वर्षी नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सभासद होते आणि त्या समितीच्या अहवालातही सामाजिक बहिष्कार हे अस्पृश्यांना दाबण्याचे हत्यार असल्याचे नमूद झाले. म्हणजे पाण्याचे कुलूप विहिरीवर नव्हते, ते जमिनीवर आणि पोटावर होते. 1937 मध्ये आणलेले खोती रद्द करण्याचे विधेयकही याच साखळीतले. रोग कुठे दिसतो आणि त्याचे मूळ कुठे आहे, यातला फरक ओळखणारा हा माणूस होता.

जुलै 1942 मध्ये ते मजूरमंत्री झाले. पुढच्याच वर्षी, जुलै 1943 मध्ये, बंगालमध्ये दामोदर नदीचा बांध फुटला. बरद्वानच्या परिसरातील गावे पाण्याखाली गेली, रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रोड तुटला, ऐन युद्धात कलकत्त्याचा देशाशी संपर्क तुटला. ते वर्ष बंगालच्या भीषण दुष्काळाचेही होते. चौकशी समिती नेमली गेली. बरद्वानचे महाराजा तिचे अध्यक्ष होते आणि शास्त्रज्ञ मेघनाद साहा सदस्य होते. अमेरिकेत 1933 मध्ये टेनेसी नदीच्या संपूर्ण खोऱ्यासाठी एकच प्राधिकरण स्थापन झाले होते. त्या धर्तीवर दामोदरचा विचार करावा, अशी शिफारस झाली. टेनेसीतले अनुभवी इंजिनिअर व्हूर्डुइन यांनी प्राथमिक आराखडा तयार केला.

आता खरी अडचण पुढे होती. दामोदर छोटा नागपूरच्या पठारावर, म्हणजे तेव्हाच्या बिहारात उगम पावते आणि तिचा पूर बंगालला बुडवतो. धरणे बांधायची तर ती बिहारच्या जमिनीवर, आणि पुरापासून सुटका होणार बंगालची. 1935 च्या कायद्याप्रमाणे पाटबंधारे हा प्रांतांचा विषय होता. नदी एक, मालक दोन. 3 जानेवारी 1945 आणि 23 ऑगस्ट 1945 रोजी कलकत्त्याला केंद्र, बंगाल आणि बिहार यांच्या परिषदा झाल्या आणि तिथे बाबासाहेबांनी भूमिका मांडली. दामोदरचा प्रकल्प नुसता पूर अडवण्याचा नसावा. त्याच पाण्यातून सिंचन, वीज आणि जलवाहतूक साधावी, आणि त्यासाठी संपूर्ण खोरे हे एकच घटक धरावे. एकच धरण वेगवेगळ्या कामांना लावले तर खर्च वाटला जातो आणि भांडणारे पक्ष भागीदार होतात, हा त्यामागचा हिशेब.

1948 मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनचा कायदा झाला. तोवर बाबासाहेब कायदामंत्री झाले होते आणि ते विधेयक काकासाहेब गाडगीळांच्या खात्याने मांडले. त्या कायद्यात पूरनियंत्रणाच्या भांडवली खर्चाचा भार बिहारवर टाकलेला नाही. 14 कोटी रुपयांपर्यंतचा खर्च केंद्र आणि पश्चिम बंगालने निम्मा-निम्मा सोसायचा असे ठरले. ज्याचा लाभ त्याचा खर्च, हे तत्त्व तिथे कायद्यात उतरलेले दिसते.

महानदीची गोष्टही अशीच. 8 नोव्हेंबर 1945 रोजी कटकला परिषद झाली, अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. ओरिसातील पुरांवर आधी समित्या होऊन गेल्या होत्या आणि त्यांचा सगळा भर जादा पाणी लवकर समुद्रात कसे घालवावे यावर होता. बाबासाहेबांनी तो विचारच उलटा केला. भारतासारख्या देशात जादा पाणी हे संकट मानणे चूक आहे, माणसाला पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या टंचाईने अधिक छळले आहे. तेव्हा बांध घालून पाणी हाकलण्याऐवजी ते साठवून कामाला लावा, अशी त्यांची मांडणी होती. यातून पुढे संबलपूरजवळ हिराकूड धरण उभे राहिले आणि जानेवारी 1957 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. ते पाहायला बाबासाहेब नव्हते. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले होते.

या कामाला कायमची यंत्रणा हवी म्हणून त्यांच्याच कारकिर्दीत 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि एप्रिल 1945 मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. अभियंता अयोध्यानाथ खोसला या आयोगाचे अध्यक्ष झाले. आजचा केंद्रीय जल आयोग हा त्याचाच वारस. सगळी धरणे एकट्या बाबासाहेबांनी बांधली, असे आम्ही म्हणत नाही. खोसला, व्हूर्डुइन, साहा यांचे श्रम नाकारून बाबासाहेबांची उंची वाढत नसते. पण मंत्री म्हणून धोरण त्यांनी ठरवले आणि खोऱ्याचा विचार सरकारी फायलीत त्यांनी रुजवला, हे नाकारणाऱ्यांना आम्ही प्रामाणिक म्हणणार नाही.

संविधान लिहितानाही हा विषय त्यांनी सोडला नाही. राज्य सूचीत पाणी ठेवले, पण केंद्र सूचीतील 56 व्या नोंदीने आंतरराज्य नद्यांचे नियमन संसदेला आपल्या हाती घेता येईल अशी सोय केली. मसुद्यात आधी 1935 च्या कायद्यावरून उचललेली तंटा सोडवण्याची लांबलचक पद्धत होती. सप्टेंबर 1949 मध्ये बाबासाहेबांनी ती बदलून संसदेला यासाठी कायदा करण्याचा अधिकार देणारी तरतूद आणली. तेच आजचे कलम 262.

याच आधारावर 1956 मध्ये दोन कायदे झाले. एक आंतरराज्य पाणीतंटा कायदा, दुसरा नदी मंडळ कायदा. पहिला भांडण लागल्यावर वापरायचा, दुसरा भांडण लागूच नये म्हणून. आमच्या राज्यकर्त्यांनी काय केले? पहिल्या कायद्याखाली कृष्णा, गोदावरी, नर्मदा, कावेरी अशी लवादांची रांग लावली आणि दुसऱ्या कायद्याखाली एकही नदी मंडळ स्थापन केले नाही. ज्या महानदीसाठी बाबासाहेब कटकला बसले, त्याच महानदीवर ओडिशा आणि छत्तीसगड यांच्यासाठी 2018 मध्ये लवाद नेमावा लागला. दवाखाना बंद ठेवायचा आणि कोर्ट उघडे ठेवायचे, असा हा कारभार.

दामोदरचे काय झाले, हेही झाकून ठेवता येणार नाही. आराखड्यात आठ धरणे होती. पहिल्या टप्प्यात तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चारच झाली. मैथन आणि पंचेतसाठी पुरेशी जमीन संपादित न झाल्याने जलाशय ठरल्याइतके भरता येईनात, म्हणून पूर रोखण्याची ताकद कमी पडली. कॉर्पोरेशन पुढे मुख्यतः कोळशावर वीज करणारी संस्था झाली. साखळीतल्या चार कड्या काढून टाकायच्या आणि साखळी ओढत नाही म्हणून ओरडायचे, असा हा प्रकार. आणि सर्वांत कडू गोष्ट अशी की धरणाखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांत संथाळ आणि इतर आदिवासी बांधव मोठ्या संख्येने होते. हिराकूडलाही शेकडो गावांवर उठण्याची पाळी आली. खोऱ्याचा हिशेब मांडताना बुडणाऱ्या माणसाचा रकाना कोरा राहिला. खोऱ्यातला सगळ्यात दुबळा माणूस टेबलावर नसेल तर खोऱ्याचे नियोजनही अपुरे, हा महाडचा धडा दामोदरच्या अंमलबजावणीत विसरला गेला. हे बोलायला आंबेडकरी माणसाने कचरू नये. चिकित्सा करायला बाबासाहेबांनीच शिकवले आहे.

आता आमच्या महाराष्ट्राकडे पाहा. पैठणला जायकवाडी, तिच्या वर नाशिक-नगरची धरणे. पाऊस कमी झाला की वरचा शेतकरी आणि खालचा मराठवाडा एकमेकांवर उठतात. 2005 मध्ये राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला, त्यात खोऱ्यात पाण्याचे समन्यायी वाटप करण्याचे तत्त्व घातले. पण त्याच कायद्यात सांगितलेला एकात्मिक राज्य जल आराखडा तयार व्हायला दहा वर्षांहून जास्त काळ गेला. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी मांजरेच्या खोऱ्यात आगगाडीने! त्याच मराठवाड्यात ऊस उभा होता, कारखाने उभे होते. पाणी नव्हते असे नाही, ते कुणाच्या तरी शेतात होते.

आणि आमचा माणूस कुठे होता? 2005 च्याच दुसऱ्या कायद्याने कालव्यावर पाणी वापर संस्था आल्या. त्यांचा सभासद कोण? लाभक्षेत्रातला जमीनधारक. ज्याच्या सात-बाऱ्यावर नाव नाही त्याला पाण्याच्या पाळीवर बोलायचा अधिकार नाही. दलित समाजाचा मोठा भाग भूमिहीन. म्हणजे चवदार तळ्यावर जातीने अडवले आणि कालव्यावर सात-बाऱ्याने. पहिल्या अडवणुकीविरुद्ध आमचे पूर्वज लढले. दुसरी आमच्या नजरेलाच आली नाही.

ही अडवणूक अटळ आहे असेही नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरवता घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरवला, भूमिहीनालाही वाटा दिला आणि उसासारख्या पिकाला मनाई केली. पाणी माणसाचे की जमिनीचे, या प्रश्नाचे उत्तर एका दुष्काळी डोंगराळ भागाने देऊन दाखवले.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. आंबेडकरी चळवळीने पाण्याचा प्रश्न फक्त पाणवठ्याचा मानणे आता पुरे. ग्रामसभेत नळयोजनेचा आराखडा येतो तेव्हा वस्ती पाइपलाइनच्या कोणत्या टोकाला आहे ते विचारा. पाणी वापर संस्थेत भूमिहीनाला सभासदत्व आणि पाण्याचा वाटा मागा. नदी मंडळ कायदा कपाटात का पडला, हे आपल्या खासदाराला विचारा. धरणग्रस्त आदिवासी लढतो तेव्हा त्याच्या मोर्चात निळा झेंडा दिसू द्या. यातले काहीही बाबासाहेबांच्या वाटेबाहेरचे नाही.

मसूरच्या वाटेवर तहानलेल्या त्या मुलाने पुढे अख्ख्या देशाच्या नद्यांचा विचार केला. पण तो विचार करताना त्याने आपली तहान विसरली नाही. तिच्यातूनच त्याला कळले होते की पाणी कुठे अडते. येत्या 20 मार्चला महाडला जाऊ तेव्हा ओंजळीतले पाणी कपाळाला लावूच. परतताना मात्र आपल्या तालुक्याच्या धरणाचे पाणी कुठे जाते आणि कुठे अडते, एवढे विचारायचे ठरवून परतू. बाबासाहेबांना तेच खरे अभिवादन ठरेल. जयभीम!